द्राक्षं गेली, चेक परत आला

द्राक्षाचा सौदा बांधावरच होतो. व्यापारी मणी तोंडात टाकतो, दर ठरतो, दुसऱ्या दिवशी क्रेट भरायला मजूर हजर. पिकलेला माल झाडावर थांबत नाही. मार्चमध्ये आभाळ भरून आलं की आम्हीच घायकुतीला येतो, आणि हे त्याला पुरतं ठाऊक असतं. आमच्या निफाड तालुक्यात त्यामुळे उधारीचं नवल नाही. माझा परप्रांतीय व्यापारी शेवटच्या तोडीनंतर चेक देऊन गेला. तो वटला नाही. फोनवर आधी 'दोन दिवसांत टाकतो', मग फोनच लागेना.

बाजार समितीत विचारलं. फळं-भाजीपाला 2016 मध्ये आवाराबाहेर नियमनमुक्त झालाय, शिवारातल्या सौद्यात आम्हाला फारसं काही करता येत नाही, असं कळलं.

वकिलांचा पहिला प्रश्न : चेक न वटल्याचा बँकेचा मेमो कधी मिळाला? चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं जे कलम 138, त्याचं सगळं गणित तारखांवर. मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर त्याला 15 दिवस, ते उलटले की महिन्याभरात कोर्टात तक्रार. नोटीस 'घर बंद' असा शेरा घेऊन परत आली तेव्हा मी हबकलो. वकील निवांत. पत्ता बरोबर असेल तर ती पोचली असंच सहसा धरतात म्हणे. मला खरा धीर आला तो वेगळ्याच गोष्टीने : 2015 च्या दुरुस्तीपासून खटला आपलं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात चालतो. नाहीतर दिल्लीच्या चकरा कोण मारणार?

कोर्टात त्याचं म्हणणं, माल खराब निघाला, वजनही कमी भरलं. आता द्राक्षं तर कुणीतरी खाऊन पचवलेली, तपासणार काय? पण रोजच्या काटापावतीवर त्याच्याच मुकादमाची सही होती. त्याने गुन्हा नाकबूल केल्यावर आम्ही कलम 143-अ खाली अंतरिम भरपाई मागितली. चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत ती मिळू शकते. आदेश झाला आणि त्याची भाषा बदलली.

लोकअदालतीत तडजोड झाली : मुद्दल पूर्ण, हप्त्यांनी, व्याज सोडलं. धाकट्या भावाला हे अजून पटलेलं नाही. पण सोसायटीचं कर्ज थकलेलं असताना मला व्याजासाठी खटला लांबवायचा नव्हता.

तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच धरतात. आतापर्यंतचे हप्ते आलेत. एखादा चुकला तर थेट दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, कोर्टात टाकायची. कागद वकिलांकडे तयार आहेत.