नखाखालचं हिरवं

परवा दुपारी कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेले आणि हायड्रेंजियाच्या झुडपापाशीच अडकले. न्यू जर्सीत मार्चअखेरीला हे बहुतेकांचं होतं. बर्फ गेलेला असतो आणि हिवाळाभर हरणांनी काय ठेवलं, काय नेलं, याचा पंचनामा उरलेला असतो. थुजाच्या कुंपणाला हरणाची मान पोचते तिथवर नुसत्या काटक्या, वर मात्र हिरवागार टोप!

हायड्रेंजियाच्या फांद्यांची टोकं फाटलेली, सालीचे धागे लोंबणारे. सशाने खाल्लं असतं तर स्वच्छ तिरका काप दिसला असता. हरणाला पुढचे वरचे दात नसतात; ते पकडून ओढतं.

शेळीचंही तेच. वाईला आमच्या परसातली जास्वंदी शेजारची शेळी अधूनमधून बोडकी करायची. "शेळीचं तोंड लागलं, आता ही धरत नाही," असं आजी ठणकावून सांगायची आणि लगेच विळ्याने फाटकी टोकं छाटून बुंध्यात तांदळाचं धुवण ओतायची. त्याच शेळीचं दूध माझ्या धाकट्या भावासाठी येत असे, त्यामुळे भांडण कधी कुंपणापलीकडे गेलं नाही. गणपतीला लाल फुलं असायचीच. आजीने सिद्धांत मात्र बदलला नाही.

मीही तेच करते, फक्त विळ्याऐवजी कात्री. फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर छाटायचं, मुळाशी पाणी आणि पालापाचोळा. खताची घाई नाही. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते, म्हणजे हरणांना पुन्हा आवतण. खरं व्यसन मला नखाचं. साल किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं की फांदी जिवंत. बरं वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत. नवरा म्हणतो, "हरणांनी ठेवली ती तू मारशील."

हायड्रेंजिया जगेल. यंदा फुलं मात्र नाहीत. या मोठ्या पानांच्या जातीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, त्या गेल्या हरणांच्या पोटात. थुजाचं अवघड आहे, त्याच्या उघड्या पडलेल्या जुन्या लाकडाला पालवी फुटत नाही. समोरच्यांचा यू, म्हणजे तसाच एक सदाहरित वृक्ष, असाच ओरबाडला होता, तो बेटा थेट खोडातून फुटला.

शेजारचे काका सडक्या अंड्यांचं औषध फवारतात. स्वतः अंडं खात नाहीत, त्यामुळे नाकाला रुमाल बांधून! पाऊस पडला की पुन्हा पहिल्यापासून. आठ फुटी जाळी लावा, असंही सांगतात. मग बाग बघायची कुठून?

थुजाच्या बोडक्या भागापुढे काहीतरी लावायला हवं. बॉक्सवुडच्या झुडपाला हरणं सहसा तोंड लावत नाहीत, पण उन्हात त्याला चक्क मांजराच्या मुताचा वास येतो. जास्वंदी इथल्या थंडीत बाहेर टिकायची नाही. डॅफोडिल हरणांना आवडत नाहीत, मलाही नाहीत. बघू. अजून नर्सऱ्या उघडायच्यात.