पंपाला किती टोपण?

मागच्या हंगामातली गोष्ट, पोळा तीन दिवसांवर आला होता. मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या बाजूला एका शेतकरी कंपनीत काम करतो, पोस्टचं नाव भारी आहे पण खरं काम म्हणजे दर शुक्रवारी पीक सल्ला लिहायचा, पऱ्हाटी (म्हणजे कापूस) सोयाबीन तूर यांच्यावर या आठवड्यात काय करायचं ते दोन पानांत टाईप करायचं, पीडीएफ बनवायची आणि गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडून द्यायची.

सोडून द्यायची म्हणजे अक्षरशः सोडूनच, कारण वाचत कोणी नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर मी मेसेजवर बोट दाबून इन्फो बघायचो, किती जणांनी बघितलं, आणि बघितलं म्हणजे ग्रुप उघडला एवढंच, पीडीएफ डाऊनलोड केली की नाही देव जाणे. मीटिंगला कोणाला विचारलं की हमखास उत्तर, "भारी असते सर तुमची माहिती." अहो पण काय असते त्यात? यावर हसून तंबाखू मळायला सुरुवात. मी सगळं करून बघितलं होतं. हिरवी बॉर्डर टाकली, वर कापसाच्या बोंडाचा फोटो टाकला, सकाळी सातला पाठवून बघितलं, मग कोणी म्हणालं सकाळी लोक वावरात असतात तर रात्री नऊला पाठवलं, दोन पानांची चार पानं पण केली कारण मला वाटलं माहिती कमी पडत असेल (आता हे आठवलं की स्वतःचीच लाज वाटते). ऑफिसात साहेब म्हणायचे रीच वाढवा, रीच. वाढवतो म्हणायचो.

तर त्या दिवशी सकाळी साडेनऊला एका कृषी केंद्रवाल्याचा फोन. माणूस ओळखीचा, सरळ. म्हणाला, "सर, गंमत सांगू का, कालपासून लोक एकाच औषधाच्या दोन-दोन तीन-तीन बाटल्या मागून राहिले. माझा धंदा होते, पण हे बरोबर नाही वाटत. एक जण तं भांडाले आला, म्हणे अडीचशेची बाटली तीन पंपातही पुरली नाही, माल पातळ हाय तुमचा."

अडीचशे मिली तीन पंपात, म्हणजे फवारणीचा पंप तीनदा भरला तेवढ्यातच? मी म्हटलं पंपाला किती टाकतोय तो? म्हणाला नव्वद. कोणी सांगितलं नव्वद? "ते तं मोबाईलवर फिरून राहिलं ना, पाठवतो थांबा."

फोटो आला. वहीचं पान. लाल समास, निळ्या पेनाने ठसठशीत अक्षर, वर आडवी रेघ मारून नाव लिहिलेलं, "पराटीत अळी हाय का नाही कसं पाहाचं." फोटोवर ती बाणांची जोडी आणि अनेकदा फॉरवर्ड केलेलं असं आलेलं. म्हणजे माझी पीडीएफ एका ग्रुपातून दुसऱ्या ग्रुपात जायला तयार नाही आणि हे वहीचं पान गावोगाव हिंडतंय. मी वाचायला लागलो:

"सकाळी वावरात जा. गुलाबाच्या कळीवानी बंद फूल दिसलं का तोडा. उकला. आत अळी राह्यते. असे १०० फुलं पाहा. १० मंधी अळी निंघाली तं फवारा. नाही निंघाली तं पैसे वाचले."

आणि मला हळूहळू ध्यानात आलं की हे माझंच आहे. मागच्या शुक्रवारचं. मी लिहिलं होतं, "गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीच्या वर, म्हणजे १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले अथवा कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रतिदिन आठ पतंग आढळल्यास शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी." अळीमुळे असं कळीसारखं बंद राहिलेल्या फुलाला डोमकळी म्हणतात, तो शब्द पण मी वापरला होता, तिसऱ्या परिच्छेदात, कंसात. आणि ते "पैसे वाचले" तर माझ्यात कुठंच नव्हतं, ती भर त्या लिहिणाऱ्याची.

शेवटची ओळ होती, "औषद बॅटरी पंपाले ९० मिली." तिथं माझ्या पोटात गोळा आला.

हे कसं झालं ते सांगतो, कारण चूक पान लिहिणाऱ्याची नाही, माझी आहे. शिफारस सगळीकडे असते तशी मी पण लिहिली होती, १० लिटर पाण्यात २० मिली. आता १० लिटरचा पंप आमच्याकडे कोणाकडे राहिलाय? सगळ्यांकडे पंधरा-सोळा लिटरचा बॅटरी पंप. आणि खाली बारीक अक्षरात ती नेहमीची टीप, "पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट करावी." पॉवर पंप म्हणजे पाठीवरचा पेट्रोल इंजिनवाला, जो हवेच्या झोतात बारीक तुषार फेकतो, त्याला एकरी पाणी खूप कमी लागतं म्हणून तेवढ्याच पाण्यात औषध जास्त. बॅटरी पंपाला पाणी साध्या पंपाएवढंच लागतं, फक्त दांडा मारायचा त्रास वाचतो. पण बॅटरीला पॉवर असते की नाही? रात्री बटण दाबून लाल दिवा लागतो, चार्ज होतो, मग तो पॉवर पंपच ना. लिहिणाऱ्याने बरोबर हिशोब केला, १० ला २० तर १५ ला ३०, आणि तीसचं तिप्पट नव्वद. गणितात शंभर पैकी शंभर.

ज्यांना २०१७ आठवत नाही त्यांना हा गोळा समजणार नाही. त्या वर्षी याच जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. मी तेव्हा कृषी कॉलेजात सेकंड इयरला होतो, घरून रोज फोन यायचा की बाबांनी फवारा मारायचा की नाही. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती त्या साली, फवारा वर मारायचा आणि तोच अंगावर पडायचा. आणि आता माझ्या पानावरून निघालेली तिप्पट मात्रा गावभर.

पहिलं काम केलं ते म्हणजे ग्रुपवर शुद्धिपत्रक टाकलं. हो, शुद्धिपत्रक असंच नाव देऊन, पीडीएफ. सवय जात नाही.

मग गाडी काढली आणि फोटो कोणाकडून आला, त्याच्याकडे कोणाकडून, असं विचारत विचारत चौथ्या माणसाला गाव सापडलं, तिथं एका पोराने बोट दाखवलं, "त्या काकूचं अक्षर हाय ते." काकू ओसरीत तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. पंचेचाळीसच्या असतील. मी कोण ते सांगितलं तर उठून आधी चहा ठेवला, मी नाही नाही म्हणतोय तोवर आधण उकळलं पण.

म्हटलं काकू, हे तुम्ही लिहिलं? म्हणाल्या, "होय जी. माह्या पोरीच्या मोबाईलवर येते ना तुमचं. आमचे हे वाचाले बसले का दुसऱ्या ओळीत घोरतेत. मंग मी यायच्यासाठी वहीत उतरवलं. बाजूच्या बाईनं फोटू काढला." बस एवढंच. नववी झालेल्या आहेत. माझी चार पानं त्यांनी दोन रात्री बसून वाचली होती, पोरीला शब्द विचारत विचारत, म्हणजे माझी एकुलती एक खरी वाचक माझ्यासमोर सूप घेऊन बसलेली होती.

नव्वदचं सांगितलं तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या. घाबरत घाबरत विचारलं, तुमच्याकडे फवारलं का? तर नाही! कारण त्यांनी स्वतः लिहिल्याप्रमाणे शंभर फुलं उकलून बघितली होती, चारातच अळी निघाली, म्हणून बाटली आणलीच नाही. मला तिथल्या तिथं रडू की हसू झालं. पण बाकी सगळे काही शंभर फुलं मोजणारे नसतात, आकडा दिसला की पंप भरणारेच जास्त.

मी म्हटलं ग्रुपवर दुरुस्ती टाकलीय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं आपण लहान पोराकडे बघतो. "ते कोणी नाही उघडत सर." मग वहीचं कोरं पान फाडलं, पेन उघडला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "बॅटरी पंपाले ३० च. ९० माही चुकी झाली." मी म्हटलं तुमची नाही, माझी झाली, तसं लिहा. तर म्हणाल्या, "तुमचं नाव टाकलं तं वाचन कोण?" हे ऐकून घ्यावं लागलं.

लिहून झाल्यावर परत थांबल्या. "पण ३० म्हणजे किती टोपण?"

हा प्रश्न मला चार वर्षांत कोणी विचारला नव्हता, म्हणजे विचारत असतील पण मला नाही, एकमेकांना. आमच्याकडे मिलीमध्ये कोणी मोजत नाही. बाटलीचं टोपण भरायचं आणि ओतायचं. मी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन त्याच कृषी केंद्रावर गेलो, तिथं मोजपात्र होतं, दुकानातल्या रिकाम्या बाटल्यांची टोपणं पाण्याने भरून मोजली. एकात दहा बसले, एकात पंधरा, आणि एका मोठ्या बाटलीच्या टोपणात पंचवीसच्या वर. दुकानदार पण बघत राहिला. म्हणजे "दोन टोपण" असं कोणी कोणाला सांगितलं तर ते २० पण असू शकतं आणि ५० पण. काकूंनी पानावर खाली भर घातली, "टोपणानं मोजू नका. दुकानातून माप आणा. ते माप घरात दुसऱ्या कामाले घेऊ नका," आणि बाजूला प्लॅस्टिकच्या मापाचं चित्र काढलं, तिसाच्या रेघेला काळं करून. दुकानदाराने त्याच्याकडची मापं काढून फुकट वाटायला ठेवली, मला वाटतं सकाळच्या त्या बाटल्यांचं त्यालाही टोचत असावं.

फोटो काढून पाठवला तेव्हा दुपारचे दोन. त्याच वाटेने गेला, बाजूच्या बाईकडून तिच्या भावाकडे, तिथून पुढे. शिवाय तीन गावांत संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावर सांगायला लावलं, ती पण काकूंचीच आयडिया, माझ्या डोक्यात भोंगा आलाच नसता. मी आपला गाडीवर गाव फिरत होतो, ज्यांनी नव्वदने मारलं त्यांच्याकडे. पाच जण सापडले. दोघांचं डोकं दुखत होतं आणि डोळे चुरचुरत होते, त्यांना गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, बाटली पण सोबत घेतली कारण डॉक्टरला आधी ते पाहिजे असतं की कोणतं औषध होतं. रात्री सोडून दिलं दोघांना. घरी आलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि मोबाईलवर काकूंचं पान माझ्या स्वतःच्या मामाने मला पाठवलं होतं, वर लिहून, "भाचे, हे वाच, कामाचं आहे."

माझं शुद्धिपत्रक नऊ जणांनी बघितलं होतं.

आता शुक्रवारची पीडीएफ बंद आहे. गुरुवारी मी काकूंकडे जातो, काय सांगायचं ते बोलतो, त्या वहीत उतरवतात, मी फक्त आकडे दोनदा तपासतो, मग फोटो. हेक्टर गेला एकर आला, पेरणीनंतर ६५ दिवस गेले आणि "पोळ्याच्या आत" आलं, लिटर गेले पंप आला. ऑफिसात आधी नाक मुरडलं, वहीचं पान कंपनीच्या नावाने कसं जाणार वगैरे, त्यांना मानधन मिळवून द्यायला मला दोन महिने लागले आणि ते पण कमीच आहे.

मागच्या गुरुवारी मी सुरुवातीला सवयीने "शेतकरी बंधूंनो" म्हणालो तर त्यांनी पेन खाली ठेवला. "फवाऱ्याचं पाणी कोण आणते सर? औषद कोण कालवते?" म्हटलं, बाया. "मंग बंधूंनो कायले?" मी म्हटलं बंधू-भगिनींनो लिहू. तेही पटलं नाही, भाषण वाटते म्हणाल्या. शेवटी काहीच लिहिलं नाही, सध्या पान सरळ अळीपासून सुरू होतं.