आवाज कमी करा, डग्गा ऐकू येईल

"हा स्पीकर बदलायचाय, मोठा एखादा घेऊन या," असा फोन आला. सदाशिव पेठेतलं घर. काका सत्तरीचे, तरुणपणी तबला शिकलेले. तक्रार एकच: तबला वाजतोय कळतं, पण डग्गा, म्हणजे जोडीतला खालच्या सुराचा, ऐकूच येत नाही.

घरोघरी साउंड बसवणं हा माझा धंदा, तेव्हा मोठा स्पीकर खपला तर मला हवाच होता. पण आधी आहे तो पाहिला. काचेच्या शोकेसमध्ये, दोन ढालींच्या मधे, खाली क्रोशाचा रुमाल. आणि आवाज फुल!

असल्या चिमुकल्या स्मार्ट स्पीकरचा पडदा जेमतेम ४० मिलिमीटरचा. खालच्या सुरांना भरपूर हवा ढकलावी लागते, ती त्याच्या आवाक्याबाहेर. त्यात आवाज फुल केला की पडद्यावर ताण येऊ नये म्हणून आतली यंत्रणा आधी बेसच कापते. काका डग्ग्यासाठी आवाज चढवत होते आणि तेवढा डग्गा आणखी गडप होत होता.

स्पीकर बाहेर काढून सागवानी टेबलावर ठेवला, भिंतीपासून वीतभर पुढे. भिंत जवळ असली की खालचे सूर उठतात; पार कोपऱ्यात सरकवला तर मात्र नुसता घुमतो. झोपायच्या खोलीतला तसलाच दुसरा आणून अ‍ॅपमधून दोघांची जोडी लावली आणि आवाज निम्म्यावर आणला. गाण्याच्या अ‍ॅपात डेटा सेव्हर चालू होता, म्हणजे गाणी हलक्या दर्जात येत होती. (तो कुठल्या घरात नसतो?) तोही बंद केला.

"हां, आता घिस्सा कळतोय," काका म्हणाले. डग्ग्यावर तळहात घासून काढतात तो घुमारा. मग त्यांनी स्पीकरवर काळी एक पट्टीचा तानपुरा लावला. "खर्जसुद्धा येतोय की!"

मला राहवेना. माइक लावून लॅपटॉपवर आलेख दाखवला. त्या खर्जाचा, म्हणजे तानपुऱ्याच्या सर्वांत खालच्या तारेचा, मूळ सूर ६९ हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. १३९, २०८ असे त्याचे वरचे अंश तेवढे ठसठशीत. त्यांच्यावरून मूळ सूर मेंदूच भरून काढतो, असं समजावलं.

"तुमचा माइक बदला," काका म्हणाले.

स्पीकर काही खपला नाही. व्हिजिटचे पैसे मात्र त्यांनी घासाघीस न करता दिले. पेठेत हेही नसे थोडके.