क्युबाहून परत काँगोला

सध्या काँगोलीज रुंबाची (काँगोतल्या गिटारवाल्या नाचाच्या संगीताची) जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकतोय आणि डोकं चक्रावलंय. म्हणजे बघा, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर तिथले ताल क्युबात गेले, क्युबात स्पॅनिश गिटारशी मिसळून ‘सोन’ नावाचं संगीत तयार झालं, आणि १९३० च्या दशकात एचएमव्हीच्या जीव्ही सिरीजच्या तबकड्यांवरून तेच सगळं परत आफ्रिकेत! मग लिओपोल्डव्हिलच्या (आताचं किन्शासा) पोरांनी त्यातले पियानोचे तुकडे सरळ गिटारवर घेतले. गिटारवादक फ्रँकोचा ओके जॅझ हा बँड १९५६ चा, त्यांच्या गाण्यात शेवटी गिटारी एकमेकींत गुंफत जातात ना, सेबेन म्हणतात त्याला, तो आला की मी हातातलं काम सोडतो. या गाण्यांची लिंगाला भाषा ओ की ठो कळत नाही, पण अडतंय कुठे? आधी गायक कबासेलेचं १९६० चं ‘इंडिपेंडन्स चा चा’ ऐकाच.