हलव्याला काटा येईपर्यंत

लेकाचं बोरन्हाण करायचं ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला: दागिने खाता येतील असे हवेत. बाजारातले हलव्याचे दागिने देखणे असतात, पण बऱ्याचदा हलवा पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेला, त्यावर जर, टिकल्या आणि सोनेरी कागद. कार्यक्रम संपला की पोरं त्यावर तुटून पडतात आणि आपण "अरे, ते खायचं नसतं" म्हणत त्यांच्या मागे धावतो. हलवा आणि तो खायचा नाही, हे काही मला पटेना.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. आम्ही संक्रांतीनंतरचा रविवार धरला, म्हणजे माझ्या हाताशी आठवडा होता. आत्याने पूर्वी दरवर्षी घरी हलवा केलाय. आता तिची बोटं साथ देत नाहीत, म्हणून ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "मी सांगते, तू कर. पण रोज दीड-दोन तास मोडतील. घाई केलीस तर काटा येणार नाही."

दोन प्रकार करायचे ठरले. तिळाचा हलवा वाटायला आणि मगजाचा दागिन्यांना, कारण मगजाचं बी लांबट असतं आणि त्याला मधोमध दोरा बसतो. तीळ पॉलिशचे पांढरे घेतले, चाळून, निवडून, नुसते गरम होतील इतपत भाजले. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. पाक उकळायला लागल्यावर चमचाभर दूध घातलं, की मळी वर येते. ती काढून टाकली आणि पाक गाळून घेतला.

पहिल्या दिवशी माझं चुकलं ते इथेच. पाक चांगला दाट हवा असं मनात धरून मी तो पक्का एकतारीच्याही पुढे नेला. परातीत तिळांवर घातला, बोटांनी फिरवला, आणि बघता बघता तीळ एकीकडे, साखरेची भुकटी दुसरीकडे. काही तिळांचे गठ्ठे झाले. आत्याने परातीत बोट फिरवून पाहिलं. "पाक तिळावर बसायच्या आधीच सुकला गं. एकतारीच्या जरासा अलीकडे थांब." भुकटी चाळून डब्यात ठेवली, गठ्ठे बाजूला काढले आणि पाकात थोडं पाणी घालून तो पुन्हा उकळला.

त्यानंतर कळलं की हे सगळं काम थेंबांचं आहे. पितळी परात गॅसवर थेट ठेवायची नाही. खाली तवा, आच अगदी मंद. एक चमचा पाक, तोही एका जागी न ओतता शिंपडल्यासारखा. मग बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने फिरवत राहायचं, दाबायचं नाही. पाकातलं पाणी उडून जातं आणि साखर दाण्यावर कणी धरते. दाणे मोकळे होऊन परातीत खुळखुळायला लागले की पुढचा चमचा. ओलसर असताना घातला तर आधीची कणी विरघळते, म्हणजे केलेलं वाया. परात जास्त तापली तर साखर पिवळी पडते. तसं वाटलं की ती उचलून खाली घ्यायची, हात चालूच ठेवायचा.

पहिल्या दिवसाच्या शेवटी फक्त तीळ पांढरे झाले होते. मला वाईट वाटलं. आत्या मात्र खूश: "बूड धरलंय. आता रात्रभर सुती कपड्याखाली राहू दे." दुसऱ्या दिवशी पाक नवा केला, दाणे चाळून भुकटी काढली आणि पुन्हा सुरुवात. त्या दिवशी दाण्यांना बारीक खरखरीतपणा आला, जिभेवर जाणवणारा. तिसऱ्या दिवशी सकाळी खूप थंडी होती, हवा कोरडी. आठव्या की नवव्या चमच्यानंतर माझ्या पेरांना काहीतरी टोचलं. परात उजेडात धरली तर प्रत्येक दाण्याला सगळीकडून बारीक टोकं! मी ओरडलेच. संक्रांतीचा हलवा थंडीत का जमतो ते तेव्हा हाताला कळलं. दमट हवेत साखर ओल धरते आणि ही टोकं बसून जातात.

मगजाला मात्र चार दिवस लागले.

दागिन्यांत सुई चालत नाही, हलवा तडकतो. पांढऱ्या जाड दोऱ्याची फासगाठ करायची, त्यात दाणा धरून फास आवळायचा, मग बोटभर अंतरावर पुढचा. काटे असल्यामुळे दोरा घसरत नाही, हे मला फार आवडलं. अशा सरींचा हार झाला, मनगट्या झाल्या, कमरपट्टा झाला. मुकुटाला आधार लागतो. तिथे जाड पुठ्ठ्यावर पांढरा स्वच्छ कागद लावला आणि पिठीसाखरेत थेंब थेंब पाणी घालून केलेल्या घट्ट लेपाने तिळाचा हलवा बसवला. तो रात्रभर आडवा ठेवून सुकू दिला. वाकवला तर सुटतो, म्हणून मुकुट डोक्याच्या मापाने आधी गोल करून घ्यावा आणि मगच हलवा लावावा.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. लेक अकरा महिन्यांचा, त्याच्या तोंडात असा कडक दाणा जाता कामा नये. म्हणून दागिने बोरं-चुरमुरे ओतण्याच्या वेळीच घातले, पूर्ण वेळ मी त्याला धरून बसले होते, आणि फोटो होताच ते उतरवले. काळ्या झबल्यावर तो पांढरा हार इतका खुलला होता की आत्या दोनदा चष्मा पुसून बघत होती.

मग हार सात-आठ वर्षांच्या भाचरांच्या हातात दिला. ती आधी बिचकली, माझ्याकडे बघत राहिली. "खा," म्हटलं, "दोरा तेवढा तोंडात घालू नका." पाच मिनिटांत नुसत्या गाठींचा दोरा उरला. मुकुटाचं राज्य थोडं जास्त टिकलं.

पहिल्या दिवशीची भुकटी डब्यात तशीच होती. संध्याकाळी आत्याच्या चहात तीच घातली.