तुम्ही विचारलेत म्हणून: ‘कोणता प्लग टाकू?’

खडकाळ वाटांवर, चिखलात किंवा वाळूत मोटारसायकल अथवा क्वाड (चार जाड चाकांची उघडी गाडी) चालवणारे कोणीही भेटले की माझ्यापुढे एकच प्रश्न येतो: ‘स्पार्क प्लग सारखा काळा पडतो, कोणता टाकू?’ गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तोच, हे माझे उत्तर ऐकून समोरच्याची जी निराशा होते, तिचा मला आता वीट आला आहे. मी काही गुपित राखून ठेवले आहे, असे त्यांना वाटते. तसे काही नाही.

गरम प्लग म्हणजे जोरदार ठिणगीचा प्लग नव्हे, तर टोकाची उष्णता सावकाश सोडणारा, म्हणून जास्त तापणारा प्लग, हे विचारणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. प्लगचे टोक ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले नाही तर काजळी जळून जात नाही, आणि ८०० च्या फार पुढे गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागते. प्लग किती गरम वा थंड हे सांगणारी हीट रेंज ही या दोन मर्यादांमधली निवड आहे, आणि एका पायरीने टोकाचे तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलते. आकड्यांचा घोळ मात्र अनेकांना ठाऊक नसतो. एनजीके आणि डेन्सो यांच्याकडे मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉशकडे नेमके उलटे; त्यामुळे ‘एक आकडा वाढव’ हा ऐकीव सल्ला ब्रँड बदलताच उलटा पडतो.

माझ्या हट्टामागे एका मित्राची टू-स्ट्रोक गाडी आहे. तिचा प्लग ओला होऊन बंद पडू लागला, तेव्हा कारण सापडेपर्यंत हीट रेंजला हात लावू नकोस, असे मी त्याला सांगितले. त्याने दोन पायऱ्या गरम प्लग बसवला, आणि गाडी पहिल्या किकला सुरू होऊ लागली. पुढचे कित्येक महिने प्रत्येक विसाव्याच्या ठिकाणी तो प्लग काढून सर्वांना दाखवत असे; माझ्या पुस्तिकेवरून विनोद होत, आणि खरे सांगायचे तर त्याच्या त्या स्वच्छ प्लगचा मला हेवाही वाटत असे. धूर थोडा जास्त होता, पण टू-स्ट्रोकच्या धुराकडे कोण लक्ष देतो? त्याचा दोष त्याने नव्या ऑइलवर टाकला. मग एका उतारावर क्लच घसरू लागला, गिअरबॉक्समधून करकर ऐकू आली आणि मागचे चाक एकाएकी जाम झाले. तो हँडलवरून पुढे फेकला गेला आणि त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. इंजिन उघडले तेव्हा क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील, म्हणजे गिअरबॉक्समधले ऑइल इंजिनात येऊ न देणारी कडी, फाटलेले निघाले. इंजिन इतके दिवस गिअरबॉक्समधले ऑइल ओढून जाळत होते. आत ते नावापुरते उरले होते, गिअर तापून निळे पडले होते. प्लग मात्र फिकट तपकिरी, पुस्तकातल्या चित्रासारखा होता. मूळचा प्लग पुन्हा पुन्हा ओला होऊन जी तक्रार करत होता, ती गरम प्लगने जाळून टाकली होती.

मित्राचा युक्तिवाद आजही वेगळा आहे. मूळचा प्लग ठेवला असता तरी मी सील तपासलेच नसते, कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसलो असतो, असे तो म्हणतो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पूर्वीचा मी तर याहून कर्मठ होतो: हीट रेंज बदलणे म्हणजे रोग झाकणे, असे मी ठासून सांगत असे. आता तेवढे ठामपणे सांगवत नाही. ओझे लादून दिवसभर चालण्याच्या वेगाने सरकणाऱ्या क्वाडच्या प्लगचे टोक पुरेसे तापतच नाही, आणि तिला एक पायरी गरम प्लग देणे रास्त आहे. सपाट वाळूत पूर्ण थ्रॉटलवर धावणाऱ्या गाडीला एक पायरी थंड देणेही तितकेच रास्त. पण त्याआधी गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी, एअर फिल्टर, चोक आणि कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (त्यातली पेट्रोलची पातळी राखणारी सुई) पाहून झालेली असावी. ‘ते सगळे ठीक आहे’ असे न पाहताच सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

इरिडियम धातूच्या टोकाच्या प्लगबद्दलही विचारता. त्याचे मधले टोक जेमतेम ०.६ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे कमी दाबाच्या विजेवर ठिणगी पडते आणि सुरू होण्यात थोडा फरक जाणवतो. ऑइलने भिजल्यावर मात्र तोही बंदच पडतो, आणि तारेच्या ब्रशने घासला तर टोक गमावून बसतो. त्यापेक्षा प्लगच्या नावातल्या अक्षरांकडे लक्ष द्या. एनजीकेच्या बीआर८ईएस या नावातल्या ‘ई’चा अर्थ आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, तिथे १२.७ चा ‘एच’ बसवला तर हेडमधले उघडे आटे काजळीने भरतात, आणि उलट केले तर प्लग पिस्टनला लागू शकतो. ‘आर’ म्हणजे ठिणगीचा विद्युत गोंगाट दाबणारा आतला सुमारे ५,००० ओहमचा रेझिस्टर. तो वगळला तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा कंट्रोल युनिट विनाकारण गोंधळू लागतो. हे प्रश्न मला जवळजवळ कोणीच विचारत नाही.

मित्राच्या टूल किटमध्ये तो गरम प्लग अजून आहे. खडकांच्या संथ शर्यतीत तो बसवतो, आणि मी हल्ली त्याला अडवत नाही. निघण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहण्यासाठी गिअरबॉक्सचा लेव्हल स्क्रू उघडायला तेवढे सांगतो, आणि तो कुरकुर करत उघडतो.