‘टेलस्टार’: एका उपग्रहाची धून
१० जुलै १९६२ रोजी टेलस्टार हा दळणवळण उपग्रह अवकाशात गेला आणि अटलांटिकपलीकडची दूरचित्रवाणीची दृश्ये प्रथमच थेट दिसू लागली. त्या प्रसंगाने भारावलेल्या जो मीक या ब्रिटिश संगीत निर्मात्याला त्याच नावाची धून सुचली. त्यांना स्वरलेखन येत नव्हते. म्हणून ते चाल गुणगुणून ध्वनिमुद्रित करीत आणि वादक त्यावरून ती बसवीत. लंडनच्या हॉलोवे रोडवरील एका दुकानाच्या वरच्या भाड्याच्या घरातच त्यांचा स्टुडिओ होता. तिथे ‘द टॉर्नेडोज’ या वाद्यवृंदाने मूळ वादन केले आणि नंतर जेफ गॉडर्ड यांनी त्यावर क्लेव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या, पट्ट्यांच्या वाद्याचे मुख्य सूर चढवले. आपल्याकडे ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीचा आभास कल्याणजींनी ह्याच वाद्यातून निर्माण केला होता, हे आठवले की मला ती धून अधिकच जवळची वाटते.

डिसेंबर १९६२मध्ये ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ब्रिटिश वाद्यवृंदाला असे यश तोवर मिळाले नव्हते. मात्र झाँ लेद्र्यू या फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा लावला आणि मीक यांचे मानधन अडकून पडले. कर्ज व मानसिक आजार यांनी खचलेल्या मीक यांनी ३ फेब्रुवारी १९६७ रोजी घरमालकिणीवर गोळी झाडून स्वतःचेही जीवन संपवले. त्यानंतर काही आठवड्यांतच दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.